तोंड उघडं असतानाचे काही सेकंद

नोव्हेंबरच्या लग्नात निगडीच्या एखाद्या मंगल कार्यालयात आमरसाची वाटी पानात येते, तेव्हा हापूसचा हंगाम संपून पाच महिने झालेले असतात. हा रस बहुधा पत्र्याच्या डब्यातला असतो. आइस्क्रीम आणि पेयांच्या मोठ्या कारखान्यांकडे मात्र कोकणातला ‘कॅनिंगचा आंबा’, म्हणजे पल्पसाठी जाणारा आंबा, आज डब्याऐवजी पिशवीतून पोहोचतो. 215 किलो पल्पची एक निर्जंतुक पिशवी असते आणि तिला आधार म्हणून भोवती लोखंडी पिंप. पिंपाच्या जागी पुठ्ठ्याचा खोका आणि किलोंच्या जागी पाच-दहा-वीस लिटर घेतले, की झाला बॅग-इन-बॉक्स. सिनेमागृहातल्या थंड पेयाच्या यंत्राला सिरप पुरवणारा खोका तो हाच.

या पिशवीचा जन्म खाद्यपदार्थांसाठी झालाच नव्हता. शिकागोच्या विल्यम शोल यांनी 1955 मध्ये ती बनवली ती बॅटरीतलं आम्ल सुरक्षितपणे नेण्यासाठी. त्याच वर्षी आपल्या पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यात पेनिसिलीनचं उत्पादन सुरू झालं. औषध शुद्ध असून भागत नाही, ते कुपीत भरतानाही जंतू शिरता कामा नये, ही शिस्त या पट्ट्यात तेव्हापासून रुजली. आम्लाची पिशवी आणि निर्जंतुक भरणीची शिस्त यांची सांगड अन्नासाठी घालण्याचं मोठं काम 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या फिलिप नेल्सन यांनी टोमॅटोवर केलं. त्यासाठी 2007 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

डब्यात आधी पल्प भरतात, झाकण बसवतात आणि मग डबा तापवतात. उष्णता मध्यापर्यंत पोहोचेतो कडेचा रस नको तितका शिजतो. नव्या पद्धतीत पल्प आधीच, अरुंद नळ्यांतून वाहता असतानाच तापवला जातो. तापमान दहा अंशांनी वाढवलं, तर जंतू मरण्याचा वेग साधारण दहापट होतो. रंग आणि स्वाद बिघडण्याचा वेग मात्र दुप्पट-तिप्पटच. म्हणून जास्त तापवायचं, पण थोडाच वेळ, आणि लगेच थंड करायचं. आंब्याचा सामू 4.6 च्या खाली असतो. एवढ्या आंबट माध्यमात बोट्युलिझमचे जंतू वाढू शकत नाहीत, त्यामुळे साधारण 95 अंशांवर काम भागतं. दुधासारख्या पदार्थाला त्याहून पुष्कळ जास्त तापमान लागतं.

इथपर्यंत पल्प बंद नळीत सुरक्षित असतो. पिशवीही आतून निर्जंतुकच आलेली असते. ती बंद करून तिच्यावर गॅमा किरणांचा मारा केलेला असतो. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या ‘आयसोमेड’मध्ये 1974 पासून वैद्यकीय साहित्य याच किरणांनी निर्जंतुक केलं जातं. निर्जंतुक पल्प निर्जंतुक पिशवीत शिरताना तोंड काही सेकंद उघडं राहतं. भरणी यंत्राची सारी हुशारी त्या काही सेकंदांसाठी आहे.

यंत्राचा चिमटा पिशवीच्या तोटीची कड पकडून तिला एका छोट्या कोठडीत नेतो. तिथे वाफेचा झोत तोटी आणि झाकण बाहेरून निर्जंतुक करतो. कोठडीतल्या गाळलेल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवतात. त्यामुळे कुठे फट राहिलीच, तर आतली हवा बाहेर जाते. बाहेरची आत येत नाही. मग झाकण उपसलं जातं, भरणीची नळी तोटीवर बसते आणि झडप उघडते. सुरुवातीला धार जोरात असते. ठरलेलं वजन जवळ आलं की ती बारीक होते, म्हणजे शेवटचे काही ग्रॅम नेमके साधतात. किती भरलं ते वजनकाटा सांगतो किंवा प्रवाहमापक. प्रवाहमापक द्रव पाहून निवडावा लागतो. चुंबकीय मापकाला विद्युतवाहक द्रव हवा. सिरपला तो चालतो, पण खाद्यतेल त्याला दिसतच नाही. शेवटी नळी वर उचलली जाते, झाकण परत दाबलं जातं आणि मगच तोटी कोठडीबाहेर येते. खोक्याच्या यंत्रांत भरण्याआधी पिशवीतली हवाही शोषून घेतात, कारण आत उरलेला प्राणवायू रंग काळवंडवतो आणि वास घालवतो.

वापरतानाही हवेचा हाच हिशेब असतो. बाटलीतून द्रव ओतला की तेवढी हवा आत जाते. पिशवी मात्र रिकामी होत आक्रसते. 1965 मध्ये ऑस्ट्रेलियात टॉमस अँगोव्ह यांनी वाइनसाठी खोक्याचं पेटंट घेतलं. पुढे त्याला नीट बंद होणारी तोटी मिळाली आणि उघडलेली वाइन दिवसांऐवजी आठवडे टिकू लागली.

मला या सगळ्यात सर्वांत नाजूक दुवा वाटतो तो पिशवीच्या पडद्याचा. आत पॉलिथिन, बाहेर धातूचा अतिपातळ थर चढवलेलं पॉलिएस्टर किंवा प्राणवायू अडवणारा दुसरा एखादा थर. भरलेला खोका आंबा घाटातून ट्रकने चढताना द्रव सतत हिंदकळतो. पडदा त्याच त्याच घडीवर वाकत राहतो आणि धातूच्या थराला केसासारख्या चिरा पडतात. द्रव गळत नाही, म्हणून कुणाला कळत नाही. पण प्राणवायू झिरपू लागतो आणि काही महिन्यांनी रस तपकिरी पडतो. म्हणूनच पिशवी बहुधा एकमेकांवर सरकणाऱ्या दोन पदरांची करतात. खोकाही पिशवीला घट्ट बसेल असाच घ्यावा लागतो. कागदावर खोक्याचे चार पैसे वाचवणारा खरेदी अधिकारी हा रंग जाण्याचा खर्च क्वचितच मोजतो.

पदर एकमेकांवर सरकत असले, तरी पडद्यातले थर एकमेकांना चिकटवलेले असतात आणि पिशवी रिकामी झाल्यावर तेच अडचण करतात. पुठ्ठा भंगारवाला आनंदाने नेतो. पॉलिथिन आणि पॉलिएस्टरचा सांधा मात्र सोडवता येत नाही, म्हणून पिशवीला भाव नाही. पिंपरी-चिंचवडचा कचरा मोशीच्या डेपोत जातो, तिथे 2023 पासून कचऱ्यावर वीज तयार होते. अशा पिशवीसाठी जाळून ऊर्जा मिळवणं हाच आज बहुतेकदा व्यवहार्य मार्ग उरतो. पिशव्या बनवणारे आता सगळे थर पॉलिथिनच्याच कुळातले वापरून पाहत आहेत, म्हणजे वितळवून पुन्हा वापरता येतील. पण नुसतं पॉलिथिन पाणी अडवतं, प्राणवायू फारसा अडवत नाही. त्यामुळे आत दुसरा एखादा थर घालावाच लागतो. तो इतका पातळ हवा की वितळवताना आड येणार नाही, आणि तरीही एवढा जाड की वर्षभर रसाचा केशरी रंग राखेल.