‘अंगावरून जाणे’ : तक्रार एक, कारणे अनेक

आनंदनगरच्या औद्योगिक वसाहतीतून कामावरून परतणारी एखादी भगिनी औषधालयाच्या कडेला थांबते, गर्दी ओसरू देते आणि हलक्या आवाजात म्हणते, “अंगावरून पांढरे जाते, काहीतरी द्या.” आपण बाटली देतो, प्रश्न मात्र विचारत नाही. तिच्या संकोचात आपलाही संकोच मिसळलेला असतो.

डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली व १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष मांडले. ९२ टक्के स्त्रियांत स्त्रीरोग वा लैंगिक आजार आढळले. त्यांसाठी पूर्वी तपासणी वा उपचार झालेल्या अवघ्या ८ टक्के होत्या. तक्रार न सांगणाऱ्या स्त्रियाही त्यात पुष्कळ होत्या.

श्वेतप्रदर हे लक्षण आहे, निदान नव्हे. चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या तिसाव्या अध्यायात वीस योनिव्यापदे वर्णिली. कफजेतील पिच्छिलता व कंडू निराळी, पित्तजेतील दाह निराळा. मग सर्वांना एकच चूर्ण कसे चालेल?

दह्याच्या चोथ्यासारखा स्राव व तीव्र खाज असल्यास कॅन्डिडा बुरशीची शंका घ्यावी. अशा वेळी मधुमेह, गर्भावस्था आणि नुकतीच घेतलेली प्रतिजैविके यांची चौकशी हवीच. करडा, पातळ, मासळीच्या वासाचा स्राव हितकर लॅक्टोबॅसिलस जिवाणू घटल्याने होतो. स्वच्छतेच्या कल्पनेने आतून केलेले धुणे त्यास हातभार लावते. (पंचवल्कल क्वाथाचे धावन वैद्याने अवस्था पाहून सांगावे, रोजचा नेम म्हणून नव्हे, हे आम्ही आपल्यातल्यांनाच सांगत आहोत.) फेसाळ, हिरवट-पिवळा स्राव ट्रायकोमोनासचा असू शकतो, तेथे पतीवर उपचार न केल्यास रोग परततो. गोनोरिया व क्लॅमिडिया गर्भाशयमुखाला ग्रासतात, बहुधा गुपचूप. केवळ रंग-वासावरून निदान फसते. स्रावाची तपासणी करवून घ्यावी. पाळीच्या मध्यावर येणारा स्वच्छ, निर्गंध स्राव प्राकृत असतो. त्याला औषध नको.

संबंधानंतर वा रजोनिवृत्तीनंतर रक्त जाणे, रक्तमिश्रित दुर्गंधी स्राव, ताप व ओटीपोटात वेदना, किंवा रुग्णा गर्भिणी असणे, यांपैकी काही असेल तर बाटली बाजूला ठेवावी. गर्भाशयमुखाचा कर्करोग प्रथम असाच दिसू शकतो. उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय जवळच आहे. चिठ्ठी लिहून तिला त्याच दिवशी धाडावे.

औषधविक्रेत्या बंधूंना एक सुचवितो : दुकानात पडद्याआड एक खुर्ची ठेवावी आणि बोलायला शक्यतो एखादी स्त्री असावी.