सुरक्षा समिती आहे, पण तयारी कोणाची पाहायची?

कामगारांना सुरक्षेच्या कामात सहभागी करून घ्यायचं म्हटलं की व्यवस्थापनाकडून हमखास शंका निघते: आपले कामगार त्यासाठी तयार आहेत का? त्यांना तांत्रिक बाबी कळतात का? तयारी खालच्यांची तपासायची, हा गैरसमज इथूनच सुरू होतो. भोपाळचं उदाहरण घ्या. तिथल्या युनियन कार्बाइड कारखान्यात डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जीन वायूने एका कामगाराचा जीव गेला, आणि १९८२ मध्ये कामगार संघटनेने धोक्याची पत्रकं भिंतींवर लावली. त्याच वर्षी मे महिन्यात कंपनीच्या अमेरिकेहून आलेल्या पथकानेही अनेक त्रुटी नोंदवल्या. म्हणजे धोका खालीही ठाऊक होता आणि वरही. तरी १९८४ च्या जूनमध्ये मिथाइल आयसोसायनेट (मिक) हे विषारी रसायन थंड ठेवणारी शीतकरण यंत्रणा बंद झाली आणि डिसेंबरमध्ये त्याची गळती होऊन व्हायचं ते झालं. तिथे कामगारांचं ज्ञान कमी पडलं नव्हतं. त्यांचा इशारा ऐकून काम थांबवण्याची, खर्च मंजूर करण्याची तयारी संस्थेत नव्हती.

यातूनच धडा घेऊन कारखाने कायद्यात १९८७ मध्ये कलम ४१-जी आलं: धोकादायक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यात कामगार आणि व्यवस्थापन यांच्या समसमान प्रतिनिधींची सुरक्षा समिती सक्तीची झाली. दुसरा गैरसमज इथला: समिती स्थापन झाली म्हणजे सहभाग सुरू झाला. खरी स्थिती समितीच्या इतिवृत्ताच्या वहीत दिसते. ‘प्रेसला गार्ड बसवणे’ हा विषय लागोपाठ तीन बैठकांत येत असेल आणि पुढच्या रकान्यात दर वेळी ‘काम चालू’ एवढंच लिहिलेलं असेल, तर तिथला कामगार चौथ्यांदा तोंड उघडणार नाही. म्हणून तयारी जोखताना विचारावं ते हे: गार्डचा खर्च मंजूर करण्याचा अधिकार असलेला माणूस बैठकीला बसतो का? मशीन सोडून बैठकीला आलेल्या कामगाराचं उत्पादनाचं टार्गेट तेवढं कमी होतं का? रात्रपाळीचा आणि कंत्राटी कामगारांचा प्रतिनिधी आहे का? थोडक्यात टळलेला अपघात सांगणाऱ्याला शाबासकी मिळते की मेमो?

आक्षेप असा की कामगार प्रतिनिधी सुरक्षेचं निमित्त करून इतर मागण्या पुढे रेटतील. असं कधी घडतही असेल. पण ब्रिटनमधल्या १९९० च्या देशव्यापी पाहणीवर आधारलेल्या १९९५ च्या अभ्यासात, एकट्या व्यवस्थापनाने सुरक्षा सांभाळलेल्या ठिकाणांपेक्षा, संघटनेने नेमलेल्या प्रतिनिधींच्या संयुक्त समित्या असलेल्या ठिकाणी दुखापतींचं प्रमाण कमी आढळलं. मुळात चांगल्या चालणाऱ्या कंपन्याच अशा समित्या नेमत असतील, ही शंका रास्त आहे. एका पाहणीवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. मात्र कामगारांना आत घेतल्याने सुरक्षा ढासळते, या भीतीला त्यातून कसलाच आधार मिळत नाही.

हे मोठ्या कंपन्यांचे चोचले आहेत, असं लघुउद्योजक म्हणतात. पण आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा ‘वाइज’ हा कार्यक्रम तर लहान कारखान्यांसाठीच आखलेला आहे. मालक आणि कामगार तपासणी यादी घेऊन शॉपफ्लोअरवर हिंडतात, आणि साहित्याची मांडणी, उजेड, हवा अशा कमी खर्चाच्या सुधारणांपासून सुरुवात करतात.

आणि तयारीची तपासणी म्हणजे पास-नापासाची परीक्षाही नव्हे. वरच्या प्रश्नांची उत्तरं ‘नाही’ किंवा ‘मेमो’ अशी आली, तर समितीचा फलक लावण्याची घाई करू नये. कायद्याने समिती सक्तीची असेल तिथे ती नेमावीच लागेल. पण तिच्यापुढचं पहिलं काम वहीतल्या जुन्या तक्रारी निकालात काढण्याचं असावं, प्रत्येकीपुढे जबाबदार माणसाचं नाव आणि तारीख घालून.