बाजूची खोली काढण्यापूर्वी

घरात माणसे वाढली की आपली नजर घराशेजारच्या मोकळ्या पट्टीकडे जाते. मोठ्या मुलाचे लग्न ठरते, धाकटी बारावीला येते, गावाकडचे म्हातारे आईवडील कायमचे राहायला येतात. मग घरातून सूचना येते, "तेवढी बाजूला एक खोली काढून घ्या ना." फंडातून रक्कम उचलली जाते, भिशी लागते, गवंडी येऊन दोरी लावतो आणि विचारतो, "साहेब, कुठपर्यंत घेऊ?" आपण म्हणतो, "जागा आहे तेवढी घे." सगळी चूक या एका वाक्यात असते. आम्हीही हेच वाक्य बोललो होतो, म्हणून या विषयावर लिहिण्याचा थोडा अधिकार आम्हाला आहे असे वाचकांनी समजावे.

आमचे घर उत्तर नागपुरातले. प्लॉट २० फूट रुंद, ४५ फूट खोल. वडिलांनी बांधलेल्या तीन खोल्या एकामागे एक. बाहेरून १३ फूट रुंद आणि ३० फूट लांब. शेजारी ७ फुटांची पट्टी उघडी होती. तिथे सायकली राहत आणि कढीपत्त्याचे एक झाड होते. २००९ साली आम्ही ती सगळी पट्टी पुढपासून मागपर्यंत टिनाखाली घेतली. दोनशे दहा चौरस फूट जागा वाढली म्हणून चार जणांना चहा पाजला.

पहिला धडा पलंगाने दिला. ७ फुटांतून बाहेरची ९ इंची भिंत वजा झाली, आत सव्वासहा फूट उरले, त्यातही प्लॅस्टरने इंचभर खाल्ला. आमचा पलंग साडेसहा फुटी. तो आडवा बसेना. उभा टाकावा तर टेबल मावेना. आम्ही जागा बाहेरून मोजली होती आणि राहायचे होते आत! नवे बांधकाम करताना प्रत्येक भिंतीची जाडी आधी वजा करावी आणि मग उरलेल्या मापात पलंग, कपाट, दार उघडण्याची जागा बसते का ते पाहावे. साडेचार इंची भिंत घेतली तर जागा वाचते. पण तिला मध्ये मध्ये सिमेंटचे खांब लागतात आणि उन्हाच्या बाजूला ती तापतेही लवकर.

दुसरा धडा मे महिन्याने दिला, आणि तो जास्त कठीण होता. मधल्या खोलीची एकुलती एक खिडकी त्या पट्टीकडे उघडत होती आणि तिच्यात कूलर होता. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलर म्हणजे काय ते आम्ही सांगायला नको. कूलरला बाहेरची कोरडी हवा लागते. आमचा कूलर आता नव्या खोलीतली कोंडलेली हवा ओढू लागला. गारवा गेला, दमटपणा तेवढा वाढला. मधल्या खोलीत आमची आई झोपत असे. तिने कधी तक्रार केली नाही. दोन उन्हाळे अंथरूण घेऊन पुढच्या दारात झोपली. एकदा सहज म्हणाली, "खोली तुमची झाली रे बाबा, माझी गेली."

२०११ साली आम्ही खिडकीसमोरचे टिन काढले, दोन आडव्या भिंती घातल्या आणि ५ फुटांचा उघडा चौक केला. बांधले ते पाडायला पुन्हा पैसे गेले, ते वेगळेच.

कायद्याची बाजूही सांगितली पाहिजे. ही बाजूची पट्टी पुष्कळदा नियमाने उघडी सोडायची मार्जिनची जागा असते. मंजूर नकाशा असेल तर प्रथम तो काढून पाहावा. मुंबई वगळता राज्यातल्या बहुतेक शहरांना डिसेंबर २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. मार्जिन किती सोडायचे ते प्लॉटचे आकारमान, रस्त्याची रुंदी यांवर ठरते. तेव्हा परवानाधारक इंजिनिअरला विचारूनच पाऊल टाकावे. गुंठेवारीचा प्लॉट असेल तर आधी २००१ च्या कायद्याखाली तो नियमित करून घ्यावा. आम्ही परवानगीच्या भानगडीत पडलो नाही आणि पुढे कारकून असूनही आम्हालाच कारकुनांच्या टेबलापुढे हेलपाटे घालावे लागले. शेजाऱ्याच्या खिडक्यांचाही विचार हवा. वीस वर्षे विनातक्रार मिळत आलेल्या उजेड-हवेवर १८८२ च्या इझमेंट कायद्याने हक्क निर्माण होऊ शकतो.

मागच्या वर्षी पलीकडच्या गल्लीतल्या एक ताई आल्या. अंगणवाडीत मदतनीस आहेत. म्हणाल्या, "जयभीम भाऊ. बाजूची खोली काढायची आहे. परवानगीचे इंजिनिअर पाहतात. पण आत काय कुठे येईल ते तुम्ही बघा. तुमच्यासारखे पुन्हा पाडणे नको." मुलगी नर्सिंग शिकते, तिला रात्री अभ्यासाला जागा हवी. सासूबाई ऐंशीच्या घरात, त्यांना रात्री दोनदा उठावे लागते आणि संडास मागे, दोन पायऱ्या उतरून. त्यांची पट्टी ९ फूट रुंद, २८ फूट लांब.

आम्ही कागद काढलाच नाही. ताईंनी रांगोळीचा डबा आणला आणि भिंती त्यांच्या खऱ्या जाडीसह जमिनीवर आखल्या. मग दोघांनी पलंग उचलून त्या रेघांत ठेवला, टेबल ठेवले, मुलीला खुर्चीवर बसवले. दार आत उघडले की पलंगाला अडते हे तेव्हाच कळले. रांगोळी पुसून दार दीड फूट सरकवले. खर्च शून्य.

शेवटी ठरले ते असे. पुढे १४ फुटांत मुलीची खोली, आतून साधारण साडेबारा बाय सव्वाआठ. तिचे दार पुढच्या अंगणात, कारण ते मधल्या खोलीतून घेतले तर मधली खोली येण्याजाण्याची वाट होऊन बसते. हद्दीच्या भिंतीला खिडकी नाही. एक खिडकी पुढे आणि एक मागे चौकात, म्हणजे वारा आरपार. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे कोरड्या उष्ण हवेत खिडक्यांचे क्षेत्र जमिनीच्या निदान एक दशांश हवे. इथे दोन्ही मिळून त्याहून जास्त भरले. खोलीमागे, मधल्या खोलीच्या खिडकीसमोर, ५ फुटांचा उघडा चौक. त्याच्या मागे उरलेल्या ९ फुटांत न्हाणी आणि संडास.

ताईंच्या मुलाला चौक पटेना. "पंचेचाळीस चौरस फूट वाया!" त्याला आम्ही आमच्या आईची हकीकत सांगितली. तेवढ्यात त्यांच्या एका नातेवाईकाने वास्तूचा जाणकार आणला. तो म्हणे संडास त्या कोपऱ्यात चालणार नाही, चौकाच्या जागी घ्या. आमच्या मते घर बांधताना दोनच दिशा विचारात घ्याव्यात, उन्हाची आणि पावसाच्या झडीची. पश्चिमेची भिंत मे महिन्यात रात्री उशिरापर्यंत तापलेली असते. तिकडे न्हाणी-संडास गेले तर ऊन त्यांनी खावे, झोपणाऱ्याने नव्हे. जाणकारांना चहा देऊन निरोप दिला.

बांधकामाच्या दोन गोष्टी. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया मुरमापर्यंत नेला नाही तर नवी भिंत वर्षभरात तडकते. जुन्या-नव्या भिंती एकमेकींत न अडकवता सांधा राखावा. दोन्ही सारख्या बसत नाहीत. आणि टिनाचा उतार शेजाऱ्याच्या अंगणात काढू नये, पहिल्याच पावसात भांडण होते.

सासूबाईंसाठी मधल्या खोलीला चौकात तीन फुटी दार काढले. अडीच फुटी स्वस्त पडते, पण आजारी माणसाला खुर्चीत बसवून बाहेर काढायची वेळ आली की ते अपुरे पडते. दारापासून संडासापर्यंत जुन्या भिंतीला लागून दोन फुटांची टिनाची पट्टी घातली, म्हणजे पावसात डोके भिजत नाही. चालायची वाट खोलीच्या पातळीतच ठेवली. चौकाचा बाकीचा भाग चार इंच खाली, त्याला उतार आणि कोपऱ्यात जाळी. रात्री सासूबाईंना आता पायरी उतरावी लागत नाही. चौकाची जाळी मात्र दर पावसाळ्याआधी साफ करावी लागते. यंदा ती कढीपत्त्याच्या पानांनी तुंबली होती. ते रोप आम्हीच दिले होते.