जांघेतली फुगी आणि २२ नंबरची सुई

अँजिओप्लास्टीच्या दुसऱ्या दिवशी जांघ दुखते, हाताला धडधड लागते, स्टेथोस्कोपखाली सूं-सूं ऐकू येते. कलर डॉपलर लावला की तांबड्या-निळ्याचा भोवरा दिसतो आणि फुगीच्या मानेतून रक्त आत-बाहेर ये-जा करताना सापडते. सुईने धमनीला पाडलेले भोक बुजलेले नाही, पिशवी तयार झाली आहे, पण त्या पिशवीला धमनीची स्वतःची भिंत नाही. हा स्यूडोअ‍ॅन्युरिझम. १९५३ साली सेल्डिंगरने तारेवरून नळी सरकवायची युक्ती दिली आणि तिच्यामागोमाग हे लचांडही आले.

पूर्वी एकच वाट होती: सर्जनला बोलवा, जांघ उघडा, टाका घाला. त्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही.

१९९१ साली फेलमेथ आणि सहकाऱ्यांनी सोनोग्राफीचा प्रोबच मानेवर दाबून धरण्याचा उपाय मांडला. कल्पना देखणी, अंमलबजावणी जीवघेणी. दहा-दहा मिनिटांच्या फेऱ्या, रुग्ण कळवळतो, डॉक्टरचा दंड भरून येतो; आणि रक्त पातळ करण्याची औषधे चालू असली तर एवढे करूनही फुगी पुन्हा उघडते.

खरी गंमत रक्त गोठवणाऱ्या थ्रॉम्बिनची. कोप आणि झाइट यांनी १९८६ मध्येच ते थेट फुगीत टोचून दाखवले होते. जांघेसाठी सोनोग्राफीखाली ते रुळायला नव्वदीचे दशक संपत आले. २२ नंबरची सुई, टोक मानेपासून दूर, पडद्यावर त्या टोकाचा पांढरा ठिपका नजरेआड होऊ न देता थेंब-थेंब सोडायचे. बहुतेकदा एक मिलीलीटरही लागत नाही. काही सेकंदांत भोवरा थांबतो, रंग विझतो. घाईने जास्त सोडले तर गुठळी पायाच्या धमनीत उतरते, म्हणून पायाची नाडी आधीही बघायची, नंतरही. मान आखूड आणि रुंद असली, जंतुसंसर्ग असला किंवा वरची कातडी काळवंडली असली तर मात्र सुई खाली ठेवून सर्जनलाच हाक मारावी.

तरीही जांघेत कव्हर्ड स्टेंट टाकण्याची हौस काहींना असते. खुबा दिवसातून शेकडो वेळा वाकतो; तिथला स्टेंट मोडू शकतो, आणि पुढच्या अँजिओग्राफीला तीच वाट हवी असली की पंचाईत होते. एवढे दिसत असूनही परिषदांतून त्याची भलामण थांबत नाही.

पोटातली गोष्ट निराळी. स्वादुपिंडाच्या सुजेने प्लीहेची धमनी कुरतडली तर तिथे जियान्तुर्कोच्या १९७५च्या कॉइलचे वंशजच कामाला येतात. फुगीच्या अलीकडे आणि पलीकडे, दोन्हीकडे कॉइल बसवाव्या लागतात. पुढचे दार लावून मागचे उघडे ठेवले तर रक्त जठराच्या बाजूने फिरून येतेच. छातीतही अशी फुगी होते: फुप्फुसातल्या क्षयाच्या पोकळीतला रासमुसेन अ‍ॅन्युरिझम १८६८ पासून पुस्तकात आहे आणि आपल्याकडच्या वॉर्डांतून तो अजून गेलेला नाही. खोकल्यातून रक्त पडत असताना ब्राँकियल धमन्या बंद करूनही ते थांबले नाही, तर ही फुगी फुप्फुसाच्या धमनीत शोधायची, हे मात्र अनेकांना उशिरा आठवते.

मनगटातून अँजिओग्राफी करण्याची वाट कांपोने १९८९ मध्ये दाखवली आणि जांघेतल्या फुग्या कमी झाल्या. रुग्णांचे भलेच झाले. पण रेसिडेंटला वर्षाकाठी मोजक्याच फुग्या दिसतात, त्याही तो आधी सीटीला पाठवतो. रिपोर्ट येईपर्यंत जांघेवर कुणाचाच हात पडलेला नसतो.