वंशावळीचे बहुभाषिक वाचन : बेंगळुरूतील मराठी घराण्यांच्या शोधाचा एक आठवडा

वंशावळ ही सामान्यतः नावांची उतरंड मानली जाते. परंतु स्थलांतरित घराण्याची वंशावळ सिद्ध करू पाहणाऱ्या अभ्यासकाला तिच्यातील नावे वेगवेगळ्या भाषांतून, लिप्यांतून आणि लेखनप्रकारांतून गोळा करावी लागतात. बेंगळुरूतील मराठी घराण्यांचा शोध हे याचे बोलके उदाहरण होय. अशा शोधातील एका आठवड्याचा क्रम लक्षात घेतल्यास कुलेतिहासाचे काम मूलतः तौलनिक वाचनाचे कसे ठरते, हे स्पष्ट होते.

विजापूरच्या फौजांनी 1638च्या सुमारास बेंगळुरू जिंकल्यावर ते शहाजीराजे भोसले यांच्या जहागिरीत आले. पुढे त्यांचे पुत्र एकोजी तंजावरला स्थिरावले आणि 1687 मध्ये हे शहर म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयर यांच्याकडे गेले. सत्ता गेली, तरी मराठी वस्ती उरली. कारकून, शिलेदार, शास्त्री यांची घराणी आणि नामदेव शिंपी व भावसार यांसारखे समाज वेगवेगळ्या काळी या प्रदेशात स्थायिक झाले. 'येथे आपण केव्हा आलो?' हा प्रश्न त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी आजही विचारला जातो.

आठवड्याचा आरंभ घरातूनच होतो. पहिले दोन दिवस वडीलधाऱ्यांच्या आठवणी टिपण्यात आणि देवघरातील वा पेटीतील कागद पाहण्यात जातात. दक्षिणेत अनेक देशस्थ घराण्यांतील आडनाव गळून केवळ 'राव' उरले. त्यामुळे आडनावाचा धागा तेथेच तुटतो. मग गोत्र, शाखा, कुलदैवत आणि मूळ गाव यांचा आधार घ्यावा लागतो. त्यातही सावधगिरी हवी, कारण महाराष्ट्रातील खंडोबा कर्नाटकात मैलार या नावाने पूजिला जातो. एकाच कुलदैवताची दोन नावे सांगणारे दोन वृद्ध परस्परविरोधी साक्ष देतातच असे नाही.

तिसरा दिवस मोडी कागदांचा. येथे लिपीइतकीच कालगणना अडसर ठरते. शुहूर सनात 599 किंवा 600 मिळविल्यावर इसवी सन येतो. शकात बहुधा 78 मिळवावे लागतात. केवळ संवत्सराचे नाव असेल, तर प्रश्न बिकट होतो. 'सौम्य' संवत्सर 1669 मध्ये येतो, तसा 1729 मध्येही येतो. साठ वर्षांच्या या फरकात आजोबा आणि नातू यांची अदलाबदल होऊ शकते. दोघांचे नाव एकच ठेवण्याची प्रथा असल्याने ही चूक सहजी लक्षातही येत नाही.

चौथ्या दिवशी अभ्यासक शिलालेखांकडे वळतो. मल्लेश्वरमच्या काडू मल्लेश्वर देवालयाला एकोजींनी मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दिल्याची नोंद 1669च्या कन्नड लेखात आहे. मराठी राज्यकर्त्याचे दान कन्नडमध्ये नोंदले जाते, कारण दानलेखाचा वाचक स्थानिक असतो. उलट, तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजींनी 1803 मध्ये भोसले वंशाचा विस्तृत इतिहास कोरविला, तो मराठीत. तेथे हेतू दानाचा नसून कुलस्मृतीचा आहे. भाषेची निवड लेखाच्या प्रयोजनाशी बांधलेली असते, हे या दोन लेखांच्या तुलनेतून दिसते.

पाचवा दिवस काव्याचा. शहाजीराजांच्या आश्रयाने जयराम पिंड्ये यांनी रचलेले 'राधामाधवविलासचंपू' वि. का. राजवाडे यांनी 1922 मध्ये प्रकाशात आणले. संस्कृत चंपूच्या अखेरीस अनेक भाषांतील रचना येतात आणि आश्रयदात्याच्या कुळाचा संबंध सिसोदिया राण्यांशी जोडला जातो. असा उल्लेख वंशाचा पुरावा म्हणून स्वीकारण्यापूर्वी तो प्रशस्तीच्या संकेतांत तपासणे आवश्यक असते. तो जन्माविषयी निर्णायक काही सांगेलच असे नाही. प्रतिष्ठेच्या आकांक्षेविषयी मात्र निश्चित सांगतो.

सहाव्या दिवशी सर्व नोंदी एकत्र मांडल्या जातात आणि मोठी उणीव उघडी पडते. छापील वंशावळींत पुत्रांची मालिका अखंड असते; माता आणि कन्या बहुधा अनामिक राहतात. परंतु श्राद्धसंकल्पात माता, पितामही आणि प्रपितामही यांची नावे उच्चारावी लागतात. त्यासाठी घरात एखादे टिपण जपलेले असल्यास वंशवृक्षाने गाळलेल्या तीन स्त्रिया तेथे सापडतात. इतिहास म्हणून जे लिहिले गेले नाही, ते विधीने राखलेले असते.

सातवा दिवस विश्रांतीचा नव्हे, वाचून दाखविण्याचा. घरातील तरुण पिढीला मोडी येत नाही, काहींना देवनागरीही सहज वाचता येत नाही. तेव्हा मराठी कागद कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत समजावून सांगावा लागतो. ज्यांचा इतिहास, त्यांनाच तो अनुवादातून भेटतो. शिलालेखांच्या संवर्धनासाठी बेंगळुरूच्या मिथिक सोसायटीने 2021 मध्ये त्रिमितीय अंकनाचे काम हाती घेतले. घरगुती कागदांना मात्र एवढे संरक्षण क्वचितच लाभते. वाचणारा शेवटचा माणूस गेला की तो कागद नष्ट न होताही मुका होतो. म्हणून कुलेतिहासाच्या अभ्यासकाचे कार्य केवळ पूर्वज शोधण्याचे नसून एका कुळाच्या अनेक भाषांना परस्परांशी पुन्हा बोलते करण्याचे आहे.