पाचवे शील घ्या, सोबत डॉक्टरांचा सल्लाही घ्या

वर्षावास सुरू झाला की आपल्या विहारांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. याच दिवसांत अनेक घरांत संकल्प होतो, आजपासून दारू बंद! संकल्प चांगलाच आहे. पण जो माणूस वर्षानुवर्षे रोज भरपूर पीत आला, त्याने डॉक्टरांना न विचारता एकदम दारू सोडली तर जिवावर बेतू शकते. म्हणून या वेळी आम्ही पाचव्या शीलाबद्दल लिहीत आहोत.

सिगालाला सांगितलेले सहा तोटे

राजगृहाच्या सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला तथागतांनी दारूचे सहा तोटे सांगितले. पैसा जातो, भांडणे वाढतात, रोग जडतात, नाव खराब होते, लाज सुटते आणि बुद्धी क्षीण होते. त्याच सिगालोवाद सुत्तात कमाईचे चार वाटे सांगितले आहेत: एक वाटा खर्चाला, दोन कामधंद्याला आणि चौथा अडीअडचणीला. रोज १०० रुपये दारूत गेले तर वर्षाचे ३६,५०० रुपये होतात. अडचणीचा वाटा तिथेच संपतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, ती उगाच नाही.

हातभट्टीचा धोका

आपल्या वर्धा जिल्ह्यात अनेक दशकांपासून दारूबंदी आहे. तरी मोहाची आणि हातभट्टीची दारू चोरून मिळतेच. चोरट्या दारूत काय मिसळले आहे हे कोणीच सांगू शकत नाही. त्यात मिथेनॉल असेल तर ते वासावरून किंवा चवीवरून ओळखू येत नाही. प्यायल्यानंतर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी धूसर दिसू लागले, पोट दुखले, उलट्या झाल्या, धाप लागली, तर लिंबूपाणी किंवा ताक पाजत वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा. उशीर झाला तर डोळे जातात, जीवही जातो.

दारू सोडताना

शेवटचा घोट घेतल्यावर साधारण ६ तासांनी हात थरथरतात, घाम फुटतो, मळमळते, झोप येत नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते. काहींना भास होतात, नसलेली माणसे दिसतात. हे ढोंग नाही, बाहेरचेही काही नाही. दारूची सवय झालेला मेंदू एकाएकी दारूविना बिथरतो, त्याचा हा परिणाम. डॉक्टर यासाठी गोळ्या आणि बी-१ जीवनसत्त्व देतात, गरज पडली तर भरती करतात.

फिट आली तर माणसाला कुशीवर वळवा. तोंडात चमचा घालू नका, नाकाला कांदा किंवा चप्पल लावू नका.

दारू सुटावी म्हणून चहा-भाजीत गुपचूप औषध घालणेही धोक्याचे आहे. अशा काही औषधांवर दारू पोटात गेली तर रक्तदाब एकदम खाली येतो. औषध त्या माणसाला सांगूनच आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावे.

कुठे जायचे?

सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे रुग्णालय या दोन्ही ठिकाणी मानसोपचार विभाग आहे. फोनवर सल्ला हवा असल्यास व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे मोफत क्रमांक आहेत. घरात मारहाण होत असेल तर माय-बहिणींनी ती सोसत राहू नये, १८१ किंवा ११२ ला फोन करावा.

दारू सोडलेला माणूस पुन्हा पिऊ लागला तर त्याला चारचौघांत लाजवू नका. हा आजार उलटू शकतो, उपचार पुन्हा सुरू करता येतात. विहारात कोणी पाचव्या शीलाचा संकल्प केला की उपासक-उपासिकांनी साधुकार जरूर द्यावा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्यासोबत दवाखान्यात कोण जाणार, हे तिथेच ठरवावे.

जय भीम!