"जान किंवा जमीन"

मुळशीच्या जलाशयाकांठीं राहणाऱ्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येकांनीं घरांतील वडील मनुष्यांच्या तोंडून "जान किंवा जमीन" हे शब्द ऐकिले असतील. ते कोठून आले व त्यांचा अर्थ काय, याचा येथें थोडा विचार करूं.

"जान" म्हणजे प्राण. हा शब्द व "जमीन" हा शब्द, दोन्ही मूळचे फारसी. "किंवा" हा संस्कृतांतील. परंतु मावळांतील कुणब्याच्या बोलण्यांत ते इतके मुरले होते कीं, त्यांची फोड करून सांगण्याची गरज त्यास कधींच पडली नाहीं.

निळा व मुळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधून मुंबईस वीज पुरविण्याची योजना टाटा कंपनीनें आंखली. सुमारें पन्नास गांवें व आंबेमोहर भाताचीं खाचरें पाण्याखालीं जाणार होतीं. तेव्हां १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीस, मावळ्यांनीं सत्याग्रह आरंभिला. हे शब्द त्याच लढ्यांतील घोषणा होत.

आल्बेनियन भाषेंत "लिरी आ व्देक्ये", म्हणजे "स्वातंत्र्य किंवा मृत्यु", अशी घोषणा आहे. तींत एक गोष्ट हवीशी, दुसरी नकोशी. आपल्या घोषणेंत दोन्ही गोष्टी प्रियच आहेत. जमीन राखूं, न राखतां आली तर प्राण देऊं, हा तिचा सरळ अर्थ. मोबदल्याचा पैसा खर्चून जातो. खाचर नातवापर्यंत पोंचतें. जमीन गेल्यावर उरलेली जान कशावर जगवावी, हा प्रश्न त्या "किंवा"च्या पोटांत आहे.

पण जान कोणाची? सत्याग्रहाचें उत्तर होतें, स्वतःची. स्त्रीपुरुष हातीं शस्त्र न घेतां कामाच्या जागीं बसत व तुरुंगांत जात. लढा मंदावल्यावर १९२४ सालीं पांडुरंग महादेव बापट यांनीं सोबत्यांसह सशस्त्र होऊन धरणाच्या कामाची रेल्वेगाडी अडविली, तेव्हां त्या उत्तरास निराळें वळण लागलें. बापटांस सात वर्षांची शिक्षा झाली. "सेनापति" हें नांव त्यांस या लढ्यानेंच दिलें.

घोषणेनें धरण थांबलें नाहीं. १९२७ सालीं भिरा येथील केंद्रांतून वीज सुरू झाली. विद्यार्थीमित्रांनो, आपलें मूळ खाचर कोठें होतें, हें घरीं आजीआजोबांस अवश्य विचारा. उत्तर देतांना ज्यांचें बोट पाण्याकडे वळेल, त्यांस या तीन शब्दांचा अर्थ कोणत्याही कोशापेक्षां अधिक ठाऊक आहे.